ईबीसी, मुलींची फी-माफी, वसतिगृहाचा भत्ता: पात्रता नेमकी कुठे हुकते? (सांगली-सातारा)

आटपाडीची_आई

नमस्कार मंडळी. इथलं बरीच वर्षं वाचते, लिहायला आज पहिल्यांदा बसले. आम्ही आटपाडी तालुक्यातले. तीन एकर डाळिंब, त्यातलं दीड एकर तेल्या रोगानं गेलं. दोन लेकरं. थोरला गेल्या वर्षी इंजिनियरिंगला लागला, धाकटी यंदा बारावी झाली आणि तिनं सीईटी दिली आहे. थोरल्याच्या वेळी आमच्या हातून जे झालं ते दुसऱ्या घरी होऊ नये, म्हणून धागा काढते आहे.

थोरल्याला कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत कराडकडचं कॉलेज लागलं होतं. आम्हाला ते लांब वाटलं. त्याच दिवसांत जवळच्या एका कॉलेजात चौकशीला गेलो. तिथं सांगितलं, "आमच्याकडं जागा राहतात, शेवटी या, घेतो की. फीचं काय एवढं, उत्पन्नाचा दाखला आणला की ईबीसी, म्हणजे निम्मी फी-माफी, बसते." ह्यांनी मान हलवली, मीही हलवली. कॅपची जागा सोडली आणि फेऱ्या संपल्यावर संस्थास्तरावर, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर, प्रवेश घेतला. दाखला होता, डोमिसाइल (अधिवासाचा दाखला) होतं, बँकेचं पुस्तक होतं. दिवाळीच्या आधी सायबर कॅफेत महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज भरायला बसलो, तर प्रवेश कॅपमधून की संस्थास्तरावर, असा रकाना आला. पोरानं खरं ते भरलं आणि योजनाच दिसेना. कॉलेजात गेलो तर टेबलावरचे म्हणाले, संस्थास्तराला ईबीसी नाही. आधी ज्यांनी सांगितलं होतं ते तिथं नव्हते.

शिक्षण शुल्क ९२,००० आहे. निम्मे म्हणजे ४६,००० दरवर्षी माफ झाले असते. प्रवेशाचा प्रकार चारही वर्षं तोच राहणार, म्हणजे १,८४,००० गेले. पतसंस्थेचं कर्ज काढलं आहे. पोरगं काही बोलत नाही, पण सुट्टीला आलं की बापाबरोबर छाटणीला जातं आणि परत जाताना मेसचे पैसे मागायला लाजतं. त्याच्या त्या लाजण्यानं मला रात्री झोप लागत नाही.

मी अंगणवाडी मदतनीस आहे, अडाणी नाही. पण हे कुणी लिहून ठेवलेलं मला आधी सापडलं नाही. आम्ही समजत होतो की पात्रता म्हणजे गरिबी. उत्पन्न कमी असलं की झालं. आता कळलं, उत्पन्न ही एक अट आहे आणि बाकीच्या अटींचा निकाल अर्ज उघडायच्या तीन-चार महिने आधीच लागलेला असतो.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मुलींना पूर्ण फी माफ म्हणतात ती नक्की कुणाला? डाळिंबाचं उत्पन्न दाखल्यात कसं धरतात? आणि थोरल्यासाठी आता काही वाट आहे का? जाणकारांनी कृपा करून लिहावं. तुमच्याकडं काय हुकलं तेही लिहा, दुसऱ्याला उपयोगी पडेल.

कृष्णाकाठ

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण हे दरवर्षी बघतो. सांगली जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे अकरा वर्षं आहे. सविस्तर लिहितो.

ज्याला सगळे ईबीसी म्हणतात तिचं नाव राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. खुल्या गटातल्या मुलांना तिच्यातून शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम मिळते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं, विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी हवा, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅपमधून हवा, कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ, मागच्या सत्रात निम्मी तरी हजेरी, आणि शिक्षणात मध्येच दोन वर्षांचा खंड पडलेला नसावा. खुल्या गटातल्या मुलासाठी ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला लागत नाही, उत्पन्नाचा दाखला पुरतो. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते अर्जच भरत नाहीत.

आता मुलींचं. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. त्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी या तीन गटांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना आधीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क दिलं आहे. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त आणि भटक्यांच्या मुलींना पूर्ण शुल्काच्या योजना आधीपासून वेगळ्या आहेत. २०२४-२५ पासून हे लागू झालं आणि आधीच शिकत असलेल्या, अर्जाचं नूतनीकरण करणाऱ्या मुलींनाही मिळालं. पण त्याच निर्णयात व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश वगळले आहेत. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही वगळली आहेत. कराड-सांगली भागात अभिमत विद्यापीठाची महाविद्यालयं आहेत, तिथं प्रवेश घेऊन नंतर आमच्यासारख्यांकडं विचारायला येणारे पालक मी पाहिले आहेत. म्हणून लेकीचा ऑप्शन फॉर्म (पसंतीच्या कॉलेजांची यादी) भरताना प्रत्येक कॉलेजपुढं ते कोणत्या प्रकारचं आहे ते पेन्सिलीनं लिहा.

तुम्ही खुल्या गटातल्या असाल तर लेकीचा ईडब्ल्यूएसचा दाखला आत्ताच काढा. निर्णयात गटाचं नाव लिहिलेलं आहे, त्यामुळं नुसत्या उत्पन्नाच्या दाखल्यावर विसंबू नका. केंद्राचा ईडब्ल्यूएस नमुना वेगळा असतो. त्यात पाच एकर शेती, हजार चौरस फुटांचा फ्लॅट अशा अटी असतात आणि तो आयआयटी-एनआयटीसाठी लागतो. राज्याच्या प्रवेशाला राज्याचा नमुना. सेतूत चुकून दुसराच काढून देतात, नमुना वाचून घ्या.

आणि माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, बस, वसतिगृह, मेस हे सगळं घरूनच. समजा, मंजूर फी ९९,००० असेल आणि त्यात शिक्षण शुल्क ९०,००० आणि विकास शुल्क ९,००० असेल, तर मुलाला ४५,००० सुटतात, मुलीला ९०,०००, पण ते ९,००० दोघांनाही भरावे लागतात. "पूर्ण माफी असताना पैसे कसले मागता" म्हणून काउंटरवर भांडणं होतात, ती बहुतेक यावरूनच. उलट शासनाकडून येणारा भाग प्रवेशाच्या वेळीच मागत असतील तर मात्र तुम्ही ठामपणे शासन निर्णय पुढं ठेवा.

थोरल्यासाठी खोटी आशा देत नाही. प्रवेशाचा प्रकार नंतर बदलत नाही. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यालाही तीच कॅपची अट येते. त्याच्या कॉलेजात विद्यार्थी सहाय्य निधी आणि कमवा-शिका आहे का, ते प्राचार्यांना लेखी अर्ज करून विचारा.

आटपाडीची_आई

दादा, एवढं कुणी बसवून सांगितलं नव्हतं. उतरवून घेतलं वहीत. डाळिंबाचं राहिलं.

माणगंगा_काठी

डाळिंबाचं मी सांगतो, आमच्या दहिवडीकडं हाच घोळ होतो. उत्पन्नाच्या दाखल्यात सगळं येतं: शेती, पगार, मजुरी, दूध, भाडं. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) अहवाल देतो आणि तहसीलदार दाखला. आई आणि वडील दोघांचं मिळून. तुमचं मदतनिसाचं मानधनही त्यात धरायचं ताई, लपवू नका, तरी ८ लाखांच्या कितीतरी खालीच राहाल.

नॉनक्रिमिलेअरचं (आरक्षणासाठी आपण सधन स्तरात नाही, या दाखल्याचं) गणित वेगळं असतं आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. ओबीसीच्या क्रिमिलेअरमध्ये ८ लाखांची मर्यादा बघताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न मिळवत नाहीत. माझा मेहुणा एसटीत चालक आहे, वर चार एकर बागायत. त्यानं "माझं ८ लाखांच्या वर जातं, नॉनक्रिमिलेअर मिळणार नाही" म्हणून मुलीला खुल्यातून भरायला लावलं होतं. पगार आणि शेती सोडली तर त्याचं बाकी उत्पन्न शून्य. आम्ही वेळेत धावपळ केली म्हणून दाखला मिळाला. पण शुल्काच्या सवलतीला मात्र उत्पन्न बघताना पगार आणि शेती दोन्ही आले. म्हणजे एकाच घराचं उत्पन्न एका कागदावर एक आणि दुसऱ्या कागदावर दुसरं असतं, आणि दोन्ही खरी असतात.

अजून एक. दाखला ३१ मार्चला संपतो. फेब्रुवारीत हौसेनं काढून ठेवला आणि जूनमध्ये तोच लावला की अर्ज परत. तीन वर्षांचा आणि एक वर्षाचा असे दोन असतात, कोणता मागितलाय ते बघून काढा.

गलाईवाले_घर

आमचं मूळ विट्याजवळ. वडील गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) कामानं कोइमतूरला, माझा जन्म तिथला, दहावी तिथं. खानापूर-आटपाडी भागातली शेकडो घरं अशी सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर विखुरलेली आहेत, त्यामुळं हे लिहिणं जरुरी वाटतं.

अकरावी-बारावी विट्यात केली, आजीकडं राहून. कॅपमध्ये मला अडचण आली नाही, कारण वडिलांचं महाराष्ट्राचं डोमिसाइल होतं. बी प्रकारात बसलो, जागा मिळाली, घरी पेढे वाटले. मग महाडीबीटीनं माझं स्वतःचं डोमिसाइल मागितलं. सलग पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे कुठून देणार? दोन वर्षांचे होते. प्रवेशाची पात्रता वेगळी आणि शिष्यवृत्तीची पात्रता वेगळी, हे तेव्हा कळलं. पहिलं वर्ष पूर्ण फी भरली.

गावाकडं ज्यांचं घर, रेशनकार्ड, सातबारा आहे आणि मुलं बाहेर शिकतायत, त्यांनी मूल सातवी-आठवीत असतानाच तहसीलला विचारून ठेवावं की त्याचं डोमिसाइल कशाच्या आधारावर निघेल. बारावीच्या निकालानंतर विचारायची ही गोष्ट नाही. माझ्या धाकट्या भावाला आम्ही पाचवीपासूनच गावी आणलं. आईपासून लांब ठेवून. तो निर्णय सोपा नव्हता.

आटपाडीची_आई

भाऊ, माझ्या बहिणीचं घर पण गलाईत आहे, सेलमला. तिचा मुलगा सातवीत आहे. आजच तिला तुमचं वाचून दाखवते.

जतकर

आमच्या जत तालुक्याची दुसरी तऱ्हा. पूर्व भागातल्या मुलांना विजापूर, अथणी जवळ पडतं, घरात बोलणं कानडीत, म्हणून कॉलेज तिकडंच बघतात. ईबीसी ही महाराष्ट्रातल्या संस्थेत प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे. तिकडं फी कमी दिसते म्हणून जाण्याआधी सवलत धरून इकडची फी किती पडते तो हिशेब करा. आमच्या वाडीतल्या दोघांनी केला आणि मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनाला आले.

मी अनुसूचित जातीतला. आमच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर मिळते. त्याच्या वर गेलं तर फ्रीशिप, म्हणजे फी-माफी, तिला उत्पन्नाची मर्यादा नाही. माझे चुलते शिक्षक. त्यांच्या मुलानं "पप्पांचा पगार आहे, आपल्याला काही नाही" म्हणून दोन वर्षं पूर्ण फी भरली. कुणी सांगितलंच नाही.

राहण्याचं: समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. इथंही अडीच लाखांची मर्यादा, आणि विद्यार्थी त्याच शहरातला रहिवासी नको. माझी बहीण सांगलीत खोली करून शिकली ती याच पैशांवर. ओबीसी, विमुक्त, भटक्यांच्या मुलांसाठी तशीच ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, मेंढपाळ घरांनी चौकशी करावी. आणि जात वैधता! बारावीत असताना प्रस्ताव टाका. पडताळणी समितीकडं जून-जुलैत पाय ठेवायला जागा नसते.

गवंड्याचा_पोरगा

मी सातारला तिसऱ्या वर्षाला आहे. दोन अनुभव.

पहिल्या वर्षी माझा अर्ज मंजूर झाला आणि पैसे आलेच नाहीत. कॉलेज म्हणायचं सोडले, बँक म्हणायची आले नाहीत. पाच महिन्यांनी कळलं की माझं आधार ज्या खात्याला जोडलेलं आहे ते खातं दुसरंच. दहावीत असताना कुठल्याशा योजनेसाठी उघडलेलं, वापर नाही म्हणून बंद पडलेलं. सरकारी पैसा आपण फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. बँकेत "आधार लिंक आहे" म्हणतात ते वेगळं, आणि एनपीसीआयला (आधारवरून पैसे खात्यात वळवणाऱ्या यंत्रणेला) सीडिंग, म्हणजे जोडणी, असणं वेगळं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, तिथं खात्याच्या बँकेचं नाव बघा आणि पुढं सक्रिय लिहिलंय का ते बघा. मी शेवटी पोस्टमन काकांकडून पोस्टाच्या पेमेंट बँकेचं खातं काढलं, सीडिंग तिथंच झालं, आणि पुढच्या हप्त्याला पैसे आले. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, तेही बघून ठेवा. माझ्या मित्राचं वडिलांच्या नावातल्या एका अक्षरावरून अडलं होतं.

दुसरं. वडील गवंडी आहेत. बांधकाम कामगार मंडळात त्यांची नोंद आहे. नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना मंडळाकडून शिक्षणाची मदत मिळते: पदवीला वर्षाला २०,०००, इंजिनियरिंगला ६०,०००, मेडिकलला १,००,०००. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नोंदणीचं नूतनीकरण चालू हवं. वडिलांचं एका वर्षी राहून गेलं होतं, कामासाठी पुण्याला होते म्हणून. त्या वर्षी मी अपात्र. आता तारीख मी भिंतीवर लिहून ठेवली आहे. आमच्या गल्लीत अकरा गवंडी आणि बिगारी आहेत, नोंद तिघांचीच. मी एकेकाला धरून नेतोय.

कोरेगावचे_मास्तर

या मुलाचं वाचून फार समाधान वाटलं. शाबास बाळा.

मी निवृत्त शिक्षक. १९७४ ते ७८ साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेजात कमवा आणि शिकामध्ये शिकलो. सकाळी शेतात काम, मग तास, रात्री अभ्यास. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली तेव्हापासून या जिल्ह्यात पैशावाचून शिक्षण अडू नये ही गोष्ट मनावर घेतलेली माणसं आहेत. कमवा-शिका आजही रयतच्या कॉलेजांत आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही आहे. आटपाडीच्या ताई, तुमच्या मुलाला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या बॅचचे त्या शेतावर राबलेले लोक पुढं प्राचार्य झाले, तहसीलदार झाले.

इथं सगळे इंजिनियरिंगचं बोलताहेत. बीए, बीएस्सी, बीकॉमच्या मुलांचं कोण बोलणार? आमच्या भागातली निम्म्याहून जास्त मुलं तिकडंच जातात आणि त्यांना वाटतं आपल्याला काही नाही. केंद्राची एक शिष्यवृत्ती आहे, पीएम-यूएसपी म्हणतात, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज असतो. बारावीत आपल्या बोर्डात आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असावं लागतं. नीट वाचा: टक्के नव्हे, पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या ऐंशी मुलांच्या पुढं. कला शाखेतल्या मुलीला ७० टक्के असतील तरी ती त्या रेषेच्या वर असू शकते, आणि ७० वाचून ती अर्जच करत नाही. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. पदवीची तीन वर्षं दरवर्षी १२,०००, पुढं एमए-एमएस्सीला २०,०००. निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखीव. दूरशिक्षणाला नाही, डिप्लोमाला नाही. पुढच्या वर्षी चालू राहायला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. ती हजेरी फार जणांची जाते, कारण मुलं कंपनीत पाळीला जातात. एमआयडीसीतला महिन्याचा पगार त्यांना जवळचा वाटतो, त्याला मी नावं ठेवणार नाही, पण प्राध्यापकांना आधी सांगून वेळ जुळवता येतो.

मी दर रविवारी सकाळी गावातल्या वाचनालयात बसतो. कागद घेऊन या, कुणीही.

फौजीची_लेक

सातारा म्हणजे फौजींचा जिल्हा, अपशिंगे मिलिटरीचं नाव तर सगळ्यांना माहीत, आणि तरी पंतप्रधान शिष्यवृत्तीबद्दल आमच्या गावात अर्ध्या मुलांना माहिती नव्हती. निवृत्त सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या मुलांसाठी आहे, व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला असतानाच अर्ज करायचा. बारावीला किमान ६० टक्के. मुलींना महिन्याला ३,०००, मुलांना २,५००. वडील अजून नोकरीत असतील तर नाही. माझे पप्पा माझ्या पहिल्या वर्षाच्या आधी तीन महिने निवृत्त झाले म्हणून मी बसले. कागदाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं लागतं, तिथले सुभेदार काका शांतपणे समजावतात.

मिरज_जंक्शन

कर्जाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ज्यांचं कॉलेज वर सांगितलेल्या वगळलेल्या यादीत आहे त्यांनी पीएम-विद्यालक्ष्मी बघावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केली. ठरलेल्या दर्जाच्या (सुरुवातीला ८६०) संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार न मागता कर्ज, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज-सवलत. संस्था यादीत आहे का ते आधी बघा. व्यवस्थापन कोट्याला ही पण नाही. गावाकडं दुसरी गल्लत होते ती अण्णासाहेब पाटील महामंडळाची. त्यांची व्याज परताव्याची योजना धंद्यासाठी आहे, कॉलेजच्या फीसाठी नाही. एक काका त्यासाठी विट्याहून सांगलीला तीन हेलपाटे मारून आले होते.

माणगंगा_काठी

@कृष्णाकाठ, टीएफडब्ल्यूएस (शुल्क माफीच्या जागा) राहिलं की.

कृष्णाकाठ

बरं आठवण केलीत. ताई, हे खास तुमच्यासाठी. प्रत्येक मान्यताप्राप्त इंजिनियरिंग आणि पॉलिटेक्निक अभ्यासक्रमात ५ टक्के जास्तीच्या जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात. मुलगा-मुलगी दोघांना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, गुणवत्तेवर. पण त्या जागांचा चॉईस कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. ऑप्शन फॉर्ममध्ये तो कोड भरलाच नाही तर गुण असूनही मिळत नाही. लेकीसाठी तसंही पूर्ण शुल्क आहे, तरी चांगल्या कॉलेजात टीच्या जागेचा कट-ऑफ बघून ठेवा. मात्र टीच्या जागेवरून पुढं कॉलेज बदलून मिळत नाही.

तंत्रशिक्षणातल्या मुलींना केंद्राची प्रगती शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला ५०,०००, एका घरातल्या दोघींपर्यंत, उत्पन्न ८ लाखांपर्यंत. पहिल्या वर्षाला किंवा डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलीला अर्ज करता येतो. एकाच शुल्कासाठी दोन ठिकाणचे पैसे घेता येत नाहीत, म्हणून हमीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका.

आणि सगळ्यांना हात जोडून विनंती: अर्ज भरून झाला की रोज नाही तरी आठवड्यातून एकदा लॉगिन करा. आम्ही त्रुटी काढून अर्ज परत पाठवतो तेव्हा मुलांना वाटतं, भरला म्हणजे झालं. मागच्या वर्षी माझ्या टेबलावरून परत गेलेल्या अर्जांपैकी चौदा मुलं मुदतीत परत आलीच नाहीत. मी फोन केले, नंबर सायबर कॅफेवाल्याचे निघाले.

आटपाडीची_आई

आठ दिवसांनी लिहिते आहे. काय काय झालं ते सांगते.

लेकीचा ईडब्ल्यूएसचा अर्ज दिला. सेतूत खरंच केंद्राचा नमुना काढत होते, मी थांबवलं. उत्पन्नात माझं मानधन लिहिलं, बागेचं लिहिलं, शेरडांचं दूध घरीच जातं म्हणाले तर तसं लिहिलं. पोस्टमन दादा घरी येऊन खातं काढून गेले, सीडिंग सक्रिय दिसतंय. आधारवर तिचं नाव बरोबर आहे, ह्यांच्या नावात काना राहिला होता, तो दुरुस्तीला दिला.

रविवारी ह्यांनी गाडी काढली आणि आम्ही चौघं कोरेगावला मास्तरांकडं गेलो. दोन तास बसवून घेतलं. ऑप्शन फॉर्मची यादी लेकीनं स्वतः लिहिली: वरती टीचे कोड, मग सांगली आणि कराडची सरकारी-अनुदानित, मग विनाअनुदानित. यादीत एकही अभिमत ठेवलं नाही. लांबचं कॉलेज लागलं तर? मी विचारलं. ती म्हणाली, आई, लागलं तर जायचं.

थोरल्याशी मास्तर बाहेर ओट्यावर बोलत होते, काय बोलले ते मी विचारलं नाही. येताना गाडीत तो म्हणाला, सोमवारी प्राचार्यांना अर्ज देतो, ग्रंथालयात कमवा-शिकाची जागा आहे. आज दिला. अजून उत्तर नाही.

बहिणीचं पण सांगते. सेलमहून तिला मुलाचा शाळेचा दाखला आणि जन्माचा दाखला पाठवायला सांगितलंय, डोमिसाइल कसं निघेल ते विचारायला मी आणि लेक उद्या आठच्या एसटीनं विट्याला तहसीलला जातोय. कुणाला त्या बाजूचं काही विचारायचं असेल तर आज रात्रीपर्यंत इथं लिहून ठेवा, विचारून येते.

कृष्णाकाठ

ताई, ईडब्ल्यूएसच्या अर्जाची पोचपावती मिळाली असेल, तिचा फोटो काढून ठेवा. प्रवेशाच्या वेळी दाखला हातात आला नसेल तर निदान अर्ज कधी केला ते दाखवता येतं.

गलाईवाले_घर

उद्या मी विट्यातच आहे. साडेनऊला तहसीलच्या गेटवर थांबतो, माझी फाईल घेऊन येतो. कोणते पुरावे चालले आणि कोणते नाही ते त्यात आहेत.